देहाचा कोठावळा

"खाल्लेलें अंगीं लागत नाहीं" हें वाक्य ज्या घरांत कधींच उच्चारलें गेलें नाहीं असें महाराष्ट्रीय घर विरळाच असेल. एकाच चुलीवर शिजलेलें अन्न, एकाच पंगतीस बसलेलीं दोन भावंडें. त्यांपैकीं एकाच्या अंगीं तें लागतें आणि दुसऱ्याच्या लागत नाहीं. ज्याच्या अंगीं लागत नाहीं त्याची आई काळजी करिते. ज्याच्या अंगीं फार लागतें त्यास शाळेंत टोपणनांव मिळतें. आम्हांस शिक्षकाचा पेशा पत्करून वीस वर्षें होत आलीं. या काळांत आमच्या वर्गांतून किती 'भोपळे' आणि किती 'काड्या' पुढें गेल्या याची मोजदाद नाहीं. हीं नांवें ठेवणाऱ्या मुलांच्या मनांत दुष्टावा असतोच असें नाहीं. परंतु त्यांच्या मागें एक समजूत दडलेली असते, आणि ती बहुतेक वडील माणसांचीहि असते. ती अशी कीं, लठ्ठ तो खादाड व आळशी, आणि सडपातळ तो संयमी. शरीराचें वजन म्हणजे जणुं वर्तणुकीस मिळालेले गुण. ही समजूत कितपत खरी आहे तें शास्त्राच्या आधारानें पाहावें, असें या लेखांत योजिलें आहे.

प्रथम जमाखर्चाची बाजू पाहूं. अन्नांतून मिळते ती ऊर्जा ही जमा, आणि शरीर वापरतें ती ऊर्जा हा खर्च. जमा अधिक झाली तर शिल्लक मेदाच्या रूपानें सांठते. खर्च अधिक झाला तर ती शिल्लक मोडावी लागते. ऊर्जेच्या अविनाशित्वाचा नियम मनुष्यदेहासहि चुकलेला नाहीं, तेव्हां एवढें गणित निर्विवाद आहे. ऊर्जा मोजण्याचें माप म्हणजे उष्मांक. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठीं सुमारें २००० उष्मांक लागतात असें धरून चालूं. यांतील मोठा वांटा धांवण्याखेळण्यांत जात असावा अशी मुलांची कल्पना असते. वस्तुतः बैठें काम करणाऱ्या मनुष्याच्या खर्चाचे शेंकडा ६० ते ७० भाग नुसतें जिवंत राहण्यांतच खर्ची पडतात. हृदय चालावें, श्वास चालावा, अंग उबदार राहावें, यकृत व मूत्रपिंडें यांचें काम अहोरात्र व्हावें, यासाठीं ही ऊर्जा लागते. मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा २ इतकेंच. पण स्वस्थ पडलेल्या माणसाच्या खर्चांतील सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. अन्न पचविण्यांत सुमारें दहावा भाग जातो. उरेल तेवढा हालचालीचा.

शिल्लक ठेवण्याच्या जागा दोन. पहिली हातखर्चाची पिशवी. यकृतांत सुमारें १०० ग्रॅम व स्नायूंत सुमारें ४०० ग्रॅम ग्लायकोजेन सांठविलेलें असतें. हें शर्करेचेंच एक रूप. त्यांतील यकृताची पुंजी एका दिवसाच्या कडक उपासांत जवळजवळ संपते. दुसरी जागा मेदाची, आणि तें खरें धान्याचें पेंव. एक ग्रॅम शर्करेपासून ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम मेदापासून ९. शिवाय ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या सुमारें तिप्पट पाणी बरोबर बाळगतें. मेद जवळजवळ कोरडाच राहतो. थोड्या जागेंत पुष्कळ ऊर्जा ठेवावयाची तर मेदासारखें साधन नाहीं. ६० किलो वजनाच्या निरोगी मनुष्याच्या अंगावर १२ किलो चरबी असेल, तर तिची किंमत ९०,००० उष्मांकांहून अधिक होते, म्हणजे निदान दीड महिन्याची शिदोरी. तेव्हां मेद हा शरीराचा शत्रु नव्हे. तो त्याचा ठेवा आहे, ही पहिली गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां एक उदाहरण सोडवावें. एका मनुष्यानें गरजेपेक्षां रोज एक लहान पोळी, म्हणजे सुमारें १०० उष्मांक, अधिक खाल्ली. वर्षाचे ३६,५०० उष्मांक झाले. अंगावरील एक किलो चरबीस सुमारें ७,७०० उष्मांक धरले, तर वर्षास सुमारें पावणेपांच किलो वाढ होते, आणि दहा वर्षांत ४७ किलो! उलट रोज एक पोळी कमी खाणारा मनुष्य दहा वर्षांच्या आंतच हाडांचा सांपळा व्हावयाचा. वाढलेल्या देहाचा खर्चहि वाढतो व रोडावलेल्याचा घटतो, म्हणून प्रत्यक्षांत इतका अनर्थ होत नाहीं, हें खरें. तरी पण इतक्या कांटेकोरपणें मोजून जेवतो तरी कोण? सणावारीं आपण चार घांस अधिक खातों. तापांत दोन दिवस अन्न नकोसें होतें. आमच्या घरीं नाताळच्या फराळांत करंज्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. असें असतां बहुतेकांचें वजन महिनोन्‌महिने दोनतीन किलोंच्या आंतबाहेर राहतें. याचा अर्थ उघड आहे. जमाखर्च लिहिणारा कोणी तरी आंत बसलेला आहे. जुन्या वाड्यांतून धान्याच्या कोठीवर एक कोठावळा नेमलेला असे. कोठींत किती माप शिल्लक आहे तें पाहून तो स्वयंपाकघरास शिधा देई, आणि शिल्लक उतरूं लागली कीं हात आखडता घेई. देहाचा हा कोठावळा कसा सांपडला, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे.

अमेरिकेच्या मेन राज्यांत बार हार्बर येथें जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथें १९४९ सालीं कांहीं उंदीर असे निपजले कीं, ते अखंड खात व इतरांच्या तिप्पट फुगत. पुढें १९७० च्या आगेंमागें त्याच प्रयोगशाळेंतील डग्लस कोलमन यांनीं असा एक लठ्ठ उंदीर व एक साधा उंदीर यांचे रक्तप्रवाह शस्त्रक्रियेनें जोडून पाहिले. लठ्ठ उंदीर कमी खाऊं लागला व रोडावला. साध्या उंदराच्या रक्तांत 'आतां पुरे' असें सांगणारें कांहीं तरी होतें, आणि लठ्ठ उंदराच्या अंगांत नेमकें तेंच नव्हतें. तें काय, हें कळावयास १९९४ साल उजाडावें लागलें. त्या सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं त्या उंदरांतील सदोष जनुक शोधून काढलें. त्या जनुकाच्या आज्ञेनें बनणाऱ्या द्रव्यास पुढें लेप्टिन हें नांव मिळालें. 'लेप्टॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थ कृश.

आश्चर्य हें कीं, लेप्टिन निर्माण करितो तो खुद्द मेदच. मेदाच्या पेशी म्हणजे नुसत्या तेलाच्या बुधल्या नव्हेत. त्या मेंदूस शिल्लकेचें टिपण नित्य धाडीत असतात. शिल्लक भरपूर असली कीं लेप्टिन अधिक, ती उतरली कीं लेप्टिन कमी. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग आहे. हें टिपण तेथें वाचलें जातें. तोच आमचा कोठावळा. त्याच्याकडे दुसरेहि जासूद येतात. रिकाम्या जठरांतून घ्रेलिन निघतें व भूक चेतवितें. याचा शोध १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं लाविला. जेवल्यावर आंतड्यांतून निघणारीं द्रव्यें, तसेंच स्वादुपिंडांतील इन्शुलिन, हीं पोट भरल्याची वर्दी देतात. या जेवणाचा हिशेब हे जासूद सांगतात; एकंदर शिल्लक लेप्टिन सांगतें.

हें टिपण मुळींच पोंचलें नाहीं तर काय होतें? १९९७ सालीं इंग्लंडांतील केंब्रिजच्या डॉक्टरांनीं एकाच कुटुंबांतील दोन मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो, आणि दोन वर्षांच्या बालकाचें २९ किलो. जन्मतःच तीं स्थूल होतीं असें नव्हे. पण त्यांची भूक कशानेंच भागत नव्हती. तपासाअंतीं असें आढळलें कीं, त्यांच्या अंगांत लेप्टिन बनतच नाहीं. अंगावर चरबीचे थर चढत असतां मेंदूस मात्र 'कोठार रिकामें आहे' एवढेंच कळत होतें. पुढें त्या मुलीस लेप्टिनचीं इंजेक्शनें देण्यांत आलीं, आणि वर्षभरांत तिचें वजन १६ किलोंनीं उतरलें. ज्या द्रव्याचा अभाव होता तें मिळालें, आणि भूक आपोआप ताळ्यावर आली. असला दोष अत्यंत विरळा आहे हें येथें सांगितलें पाहिजे. बहुतेक स्थूल मनुष्यांच्या रक्तांत लेप्टिन उलट अधिकच असतें. त्यांचा कोठावळा तें टिपण नीट वाचीत नाहीं, म्हणून त्यांस या इंजेक्शनाचा उपयोग होत नाहीं. तथापि जगानें जिला हावरी म्हटलें असतें तिच्या ठिकाणीं हाव नव्हती, एका द्रव्याची उणीव होती, एवढें कळलें तरी 'भोपळा' हा शब्द ओठांवर येतांना अडखळावा.

येथें कोणी म्हणेल कीं, हे सारे अपवाद झाले. सर्वसाधारण मुलें तर घरच्या वळणानेंच जाड किंवा बारीक होतात. या शंकेचें उत्तर डेन्मार्कमधून मिळतें. १९८६ सालीं तेथील ५४० दत्तक मुलांचा, तीं मोठीं झाल्यावरचा, अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईबापांशीं जुळली. ज्यांच्या ताटांत तीं जेवलीं त्या पालनकर्त्यांशीं जुळली नाहीं. कोठावळ्याचा स्वभाव बऱ्याच अंशीं जन्मतःच ठरलेला असतो, आणि एका पंगतींतील दोन भावंडांचा कोठावळा एकच नसतो.

आतां उलट बाजू. कोठींतील शिल्लक बळेंच उतरविली तर कोठावळा काय करितो? दुसरें महायुद्ध संपत आलें असतां, उपासमारीनें खंगलेल्या लोकांस पुनः अन्नावर कसें आणावें हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं एक प्रयोग केला. ३६ निरोगी तरुण त्यांत स्वेच्छेनें सामील झाले. युद्धांत शस्त्र धरणें त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीस मान्य नव्हतें. पण भुकेल्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून स्वतः भुकेलें राहणें त्यांनीं पत्करलें. २४ आठवडे त्यांस जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवण्यांत आलें. वजन सुमारें चवथ्या हिश्शानें घटलें. परंतु घटलें तें केवळ वजन नव्हे. नाडी मंदावली, उन्हाळ्यांतहि थंडी वाजूं लागली, स्वस्थ पडून असतां होणारा ऊर्जेचा खर्च सुमारें शेंकडा ४० नीं खालीं आला. वाचन, विनोद, मैत्री यांतील गोडी गेली. ताटें चाटून पुसावीं, पाककृतींचीं पुस्तकें जमवावींत, रात्रंदिवस अन्नाचेंच चिंतन करावें, अशी त्या सुशिक्षित तरुणांची स्थिति झाली. अन्न पुनः मिळूं लागल्यावर कित्येकांची भूक महिनोन्‌महिने आवरेना, आणि गेलेला मेद स्नायूंच्या अगोदर परत आला. कोठावळा शिल्लक उतरल्याबरोबर खर्चास कात्री लावितो, भुकेचा तगादा मागें लावितो, आणि पेंव पुनः भरेपर्यंत स्वस्थ बसत नाहीं.

याच गोष्टीची लहानशी आवृत्ति आमच्या वर्गांत आम्हीं पाहिली. नववींतील एक विद्यार्थिनी पाठांतरांत पहिली. परंतु वर्गानें ठेवलेलें नांव तिच्या जिव्हारीं लागलें होतें. तिनें कोणास न सांगतां डबा मैत्रिणींत वांटून टाकावयास आरंभ केला. दोन महिन्यांत पाठांतर डळमळूं लागलें. कवायतीच्या तासाला ती मधेंच खालीं बसे. एके दिवशीं तिची आई भेटावयास आली. डोळ्यांस पदर लावून म्हणाली, "सर, दिवसभर जेवत नाहीं म्हणते, आणि रात्रीं आम्ही निजल्यावर डब्यांतलें चोरून खाते. हिला मनाचा निग्रहच नाहीं." आम्हीं त्या माउलीस सांगितलें, "बाई, ती चोरी नव्हे. अन्नावांचून राहिलेला देह आपलें मागणें मागत आहे. दिवसभर इतका निग्रह करणाऱ्या मुलीला निग्रह नाहीं असें कसें म्हणावें?" त्या दिवसापासून ती मुलगी व तिच्या दोन मैत्रिणी मधल्या सुटींत आमच्या एका सहकारी शिक्षिकेबरोबर जेवूं लागल्या. वर्गास आम्हीं मिनेसोटाच्या तरुणांची हकीकत सांगितली आणि पोळीचें गणित सोडवावयास दिलें; त्या मुलीचें नांव मात्र निघूं दिलें नाहीं. हळुहळु तें टोपणनांव कोणी घेईनासें झालें. पुढील वर्षीं ती उंचीनें वाढली, आणि पाठांतर पूर्ववत् झालें. वजनांत म्हणावा असा फरक पडला नाहीं, आणि तो पडलाच पाहिजे असेंहि नव्हतें.

कोठावळा इतका कंजूष कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या मातोश्रींच्या आठवणींत आहे. १९७२ च्या दुष्काळांत त्या तरुण होत्या. खडी फोडण्याच्या कामावर वांटली जाणारी सुकडी, आणि परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, यांवर घर जगलें. आपल्या पूर्वजांनीं असे दुष्काळ कित्येक पाहिले. ज्यांच्या देहानें शिल्लक जपली ते तरले. अन्नाचा तुटवडा हेंच मनुष्यजातीचें जुनें संकट. रेलचेल ही कालपरवांची गोष्ट. म्हणून शिल्लक उतरतांना आपला कोठावळा जितका घाबरतो, तितका ती चढतांना घाबरत नाहीं. शिवाय आजच्या बाजारांतील गोड पेयें व तळलेले खाऊ गांठीस असले, तर पोट भरल्याची वर्दी पोंचण्यापूर्वींच पुष्कळ उष्मांक आंत गेलेले असतात.

येथवरचें विवेचन वाचून सडपातळ मुलांच्या पालकांनीं निश्चिंत व्हावें असें नाहीं. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्यानजीकच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास चालविला. तेथील बाळांचें जन्मवेळचें वजन सरासरी २.७ किलो भरलें, तर इंग्लंडांतील साउथॅम्टनच्या बाळांचें ३.५ किलो. आपलीं बाळें लहान व किरकोळ. परंतु बारकाईनें मोजतां असें दिसलें कीं, त्यांचे स्नायु व पोटांतील इंद्रियें जितकीं लहान होतीं तितका मेद कमी नव्हता. दिसावयास कृश, पण आंतून मेदाचा वांटा राखलेला! २००४ सालीं याच डॉ. याज्ञिकांनीं आपलें व आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचें उदाहरण 'लॅन्सेट' या नियतकालिकांत दिलें. उंची व वजन यांवरून काढलेला देहभारांक दोघांचा २२.३, अगदीं सारखा. पण इंग्रज गृहस्थांच्या अंगांत मेद शेंकडा ९.१ आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगांत शेंकडा २१.२. आपल्या लोकांस तुलनेनें कमी वजनांत व कमी वयांत मधुमेह गांठतो, त्याचें एक कारण यांत आहे. वजनकांटा एकूण भार सांगतो. त्यांत स्नायु किती व मेद किती, आणि तो मेद पोटाच्या आंत सांठला आहे काय, हें सांगत नाहीं. म्हणून काडीसारख्या मुलानेंहि मैदानावर गेलें पाहिजे, आणि गरोदर सुनेच्या ताटांत दूध, डाळ व पालेभाजी आधीं वाढली गेली पाहिजे.

प्रौढ वाचकांसाठींहि एक गोष्ट सांगतों. शिक्षकांच्या खोलींत आमच्या वयाचे सहकारी पोटावरून हात फिरवीत म्हणतात, "चाळिशी उलटली, आतां शरीराचा खर्चच मंदावला." २०२१ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत ६,४०० हून अधिक मनुष्यांच्या ऊर्जाखर्चाचीं मापें प्रसिद्ध झालीं, सर्वांत लहान आठ दिवसांचें बाळ, सर्वांत वृद्ध ९५ वर्षांचें. देहाच्या आकारमानाचा हिशेब करतां, वर्षाच्या बाळाचा खर्च प्रौढाच्या दीडपट आढळला. आणि विसाव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत तो जवळजवळ स्थिर राहिला. तेव्हां चाळिशीस दोष देण्याची सोय उरली नाहीं. बैठक वाढली, झोंप तुटली, चहाबरोबरचें बिस्किट नित्याचें झालें, येथेंच शोध केला पाहिजे.

मग निग्रहास कांहींच किंमत नाहीं काय? आहे, पण त्याची जागा ओळखली पाहिजे. भूक किती लागावी हें आपल्या हुकमतींत नाहीं. वेळेवर जेवावें, सावकाश जेवावें, रात्रीं पुरेसें निजावें, रोज घाम येईपर्यंत खेळावें, तहान लागली असतां पाणी प्यावें, हें आहे. हे नेम कोठावळ्याशीं भांडत नाहींत. त्याचें काम सोपें करितात. उपासाच्या हट्टानें तो नमत नाहीं. अलीकडे आंतड्यांतील एका जासुदाची नक्कल करणारीं औषधें निघालीं आहेत, व त्यांनीं अनेक रुग्णांची भूक आवरली आहे. तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावयाचीं, मुलांनीं मनानें करून पाहावयाचीं नव्हेत.

आमच्या शाळेंत आरोग्य-तपासणीच्या वेळीं प्रत्येकाचें वजन वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविण्याची चाल होती. ती आतां बंद झाली असून, उंची व वजन लिहिलेली चिठ्ठी लिफाफ्यांत घालून घरीं पाठविली जाते. पालकांस आमची विनंती आहे कीं, ती चिठ्ठी शेजाऱ्याच्या मुलाच्या चिठ्ठीशीं ताडून पाहूं नये. आपल्याच मुलाच्या गेल्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्यांशीं ताडून पाहावी. उंचीबरोबर वजन आपल्या वाटेनें चाललें असेल तर तें मूल आपल्या मापानें वाढत आहे. वाट एकाएकीं सुटलेली दिसली, वर चढलेली असो वा खालीं उतरलेली असो, तर डॉक्टरांस दाखवावें. आणि तो आंकडा जेवणाच्या पाटावर मुलासमोर काढूं नये. तेथें फक्त जेवण वाढावें.